ऋषीच्या हंड्यातला भोपळा

फार पूर्वी एका गावात एक आत्या होती. कुणा एकाची नव्हे, सगळ्या गावाची. गावचीच लेक ती. लहान वयात नवरा गेला म्हणून माहेरी परत आली आणि आईबापांच्या मागे त्यांच्या घरात एकटीच राहिली. नाव म्हाळसा, पण लहानथोर सगळे तिला आत्याच म्हणत. राग नाकाच्या शेंड्यावर आणि बोलणं मिरचीसारखं. आत्या ओरडली की विहिरीतले बेडूकसुद्धा गप्प होतात, असं गावातली मुलं म्हणायची.

पण हीच आत्या परसात गेली की निराळी बाई व्हायची. वेलांशी बोलायची, पेरूच्या खोडावरून हात फिरवायची. झाडांची गळलेली पानं ती कधी झाडून टाकायची नाही. तिथेच बुंध्याशी पसरून ठेवायची. मोरीचं पाणी केळीला आणि अळवाला जायचं. चुलीतली राख दोडक्याच्या पानांवर पडायची आणि मावा आला तर आंबट ताक शिंपडलं जायचं. घराच्या मागच्या भिंतीत एक पोकळी होती. तिथे मधमाश्यांचं पोळं होतं, तिच्या बापाच्या वेळेपासूनचं. त्याला तिने कधी धूर दाखवला नाही. खरं सांगायचं तर त्या काळी सगळ्याच गावाच्या परसबागा थोड्याफार अशाच होत्या, आणि कुणाचं काही अडत नव्हतं.

आता या गावची एक रीत सांगायला हवी. ऋषिपंचमीला बायका बैलाच्या कष्टाचं काही खात नाहीत. नांगरलेल्या शेतातलं धान्य नको, मोटेच्या पाण्यावरची भाजी नको. आपल्या हाताने परसात जे पिकवलं तेवढंच खायचं. बाकीच्या गावांत ही ऋषीची भाजी ज्याच्या त्याच्या घरी शिजते. या गावात मात्र देवळापुढे एकच मोठा हंडा चढायचा. प्रत्येक घरची बाई आपल्या परसातलं काहीतरी आणायची, कुणी पडवळ, कुणी दोडका, कुणी नुसती एखादी काकडी, आणि ते सगळं एकत्र शिजायचं. हंड्यात पहिला पडायचा तो आत्याचा लाल भोपळा. ना मूल ना बाळ, ना कुणाच्या हळदीकुंकवाला बोलावणं. तिला गावात मान होता तो एवढाच. त्या दिवसासाठी ती वर्षभर राबायची.

एके वर्षी पाटील राजधानीला जाऊन आला आणि तिथून डोक्यात खूळ घेऊन आला. राजवाड्यामागची बाग त्याने पाहिली होती. जमिनीवर एक पान नाही, झाडावर एक मुंगी नाही, वाटा अशा झाडलेल्या की ताट नसलं तरी जेवून घ्यावं. आणि त्यातच कळलं की यंदा राजमाता ऋषीची भाजी खायला या गावात येणार आहेत. मग काय विचारता! पाटलाने दवंडी पिटवली, "प्रत्येकाची परसबाग राजाच्या बागेसारखी दिसली पाहिजे. पालापाचोळा जाळा, मधमाश्यांची पोळी धूर करून पाडा, किडामुंगी दिसता कामा नये." राजधानीतून त्याने एक पांढरी भुकटी आणली होती. ती शिंपडली की सरपटणारं, उडणारं सगळं जागच्या जागी मरायचं.

गाव लागलं कामाला. लोकांना चांगलं काम सांगा, सतरा सबबी सांगतील. पण शेजाऱ्यापेक्षा आपलं अंगण चकचकीत दिसेल असं सांगा, मग पाहा उत्साह! बुंध्याशी कुजणारी पानं पेटली. मोरीकडचं अळू उपटलं आणि तिथे फरशी बसली. भुकटी मुठीमुठीने उधळली गेली. आठवड्याभरात गावात डास नव्हते, मुंग्या नव्हत्या, फुलपाखरंही नव्हती. "कसं स्वच्छ वाटतंय!" असं जो तो दुसऱ्याला सांगत होता.

पाटील आत्याच्या दारी आला तेव्हा ती केळीला पाणी घालत होती.

"आत्या, तेवढं तुमचं परस राहिलं."

"राहिलं नाही. राहू दिलंय."

"अहो, तो पाला बघा. राजमाता काय म्हणतील?"

"झाडाची पानं झाडाच्या पायाशी पडली. राजमातेच्या पायाशी नाही ना पडली?"

पाटलाने भुकटीची पिशवी पुढे केली. "ही निदान भोपळ्यावर तरी टाका. कीड मरते."

"आणि मधमाशी?"

"तीही मरते. चावायची कटकट गेली."

आत्याने पिशवी घेतली आणि तशीच कुंपणापलीकडे भिरकावली. "अरे, मी पाळण्यात जोजवलेला तू! तुझी आई या भिंतीतला मध तुला चाटवायची, खोकला झाला की. आज त्याच माश्यांवर उठलास? चालता हो!"

गडीमाणसांसमोर अपमान झाला. पाटील चडफडत परत गेला आणि चावडीवर बसून त्याने हुकूम काढला. ज्याची परसबाग स्वच्छ नाही त्याची भाजी यंदा ऋषीच्या हंड्यात पडणार नाही. नाव कुणाचंच घेतलं नव्हतं, पण अशी बाग गावात एकच उरली होती.

आत्याला हे शेजारणीकडून कळलं. ती मटकन ओट्यावर बसली. शेजारीण हळूच म्हणाली, "आत्या, पाला तेवढा उचलून टाका ना. आम्हीसुद्धा टाकलाच की. कशाला वैर घेता?"

"तुला पटलं म्हणून टाकलास का गं?"

शेजारणीने मान खाली घातली. "सगळ्यांनी टाकला म्हणून टाकला."

सगळ्यांनी टाकला म्हणून! या एका वाक्यावर गावंच्या गावं बुडाली आहेत. आत्याने पाला हलवला नाही. हंडा गेला तर गेला, पण भोपळा माझा मी पिकवीन, तिने स्वतःशी म्हटलं.

श्रावणात वेलांना बहर आला. गावभर कुंपणांवर पिवळी फुलं, अंगणं आरशासारखी, बघणारे खूश. आणि एका सकाळी आत्याच्या परसदाराच्या उंबऱ्यापाशी माश्यांचा सडा पडलेला दिसला. काही अजून पाय हलवत होत्या, बाकीच्या गेल्याच होत्या. आत्याच्या परसात भुकटीचा कण नव्हता. पण माशीला कुंपण कुठे कळतं? ती शेजारच्या फुलावर बसली, तिथलं विष अंगाला घेऊन आपल्या घरी आली आणि दारात मेली.

आत्याने त्या माश्या पदरात गोळा केल्या आणि तडक चावडी गाठली. पाटलापुढे पदर झटकला. "मोज तुझे शत्रू!"

चावडीवरची मंडळी हसली. "आत्या, माश्याच आहेत त्या. गाय मेल्यासारख्या काय रडता?"

"गाय मेली तर एक दावं रिकामं होतं रे. या मेल्या तर वेल रिकामे होतील."

"वेल फुलांनी लगडलेत, दिसत नाही का?" पाटील म्हणाला. "वय झालं तुमचं."

आत्या खाली वाकली. तिने जमिनीवरच्या माश्या पुन्हा पदरात भरल्या, कारण ही माणसं त्या पायाखाली तुडवणार हे तिला दिसत होतं.

आठ-पंधरा दिवसांत भिंतीतलं पोळं ओस पडलं आणि जे व्हायचं ते झालं. भोपळ्याच्या मादीफुलामागे लिंबाएवढा भोपळा आधीच असतो. माशीने नरफुलातला पराग आणून दिला तर तो वाढतो, नाहीतर पिवळा पडून गळतो. गावभरचे चिमुकले भोपळे गळले. दोडके गळले, पडवळं गळली, काकड्या वाकड्या होऊन सडल्या. आणि आत्याच्याही वेलांचं तेच झालं. तिने पाला राखला, राख घातली, ताक शिंपडलं, भुकटीला हात लावला नाही, गावाचा रोष घेतला, आणि तरी तिच्या वेलाखाली तोच पिवळा सडा. हा कुठला न्याय? ज्यांनी पाप केलं ते तरी हुकमाने केलं म्हणून सुटतील. जिने केलंच नाही तिने कुणाकडे दाद मागायची? आत्या त्या गळलेल्या फळांशेजारी बसून रडली. त्यात दुःख थोडं होतं आणि संताप फार होता.

तिच्या परसात उरलं ते अळू आणि जमिनीतला सुरण. त्यांना माशी लागत नाही.

पंचमी उजाडली. हंडा तर रिकामा ठेवता येत नव्हता. पाटलाने आदल्या दिवशी गुपचूप बाजारगावाला गाडी पाठवली आणि भोपळे, दोडके, पडवळं भरून आणली. सगळा माल नांगराच्या शेतातला, मोटेच्या पाण्यावरचा. बायकांना सांगितलं, "पलीकडच्या गावातल्या परसबागांमधला आहे." खरं काय ते पुष्कळजणींना कळत होतं. पण राजमातेसमोर फजिती नको म्हणून सगळ्या गप्प बसल्या.

आत्या सुपात अळू आणि सुरण घेऊन देवळापाशी आली. हंड्यात घेणार नाहीत हे माहीत होतं, तरी आली. घरात बसली तर आपण चुकलो असं गाव म्हणेल, हे तिला सोसणार नव्हतं. हंड्याशेजारी भोपळ्यांची रास पाहून ती थबकली. एक भोपळा तिने उचलला, उलटा केला. बुडाला शेतातली लाल माती चिकटलेली होती. गावात सगळ्यांच्या परसात माती काळी.

पाटलाने ते पाहिलं आणि तो लगबगीने जवळ आला. "आत्या," तो हळू आवाजात म्हणाला, "झालं गेलं विसरा. तुमचा मान तुम्हाला परत देतो. हा भोपळा तुमचा म्हणून हंड्यात पहिला तुम्हीच टाका. राजमाता तुमच्या हातून घेतील. फक्त तोंड उघडू नका."

आत्याच्या हातात भोपळा होता. समोर हंडा होता, गाव बघत होतं, राजमाता पाटावर बसल्या होत्या. वर्षभर ज्याच्यासाठी राबायचं तोच मान पाटील ओंजळीत घालत होता. काही करायचं नव्हतं, फक्त गप्प राहायचं होतं. क्षणभर तिचा हात हंड्याकडे गेलासुद्धा.

मग तिने भोपळा दाणकन जमिनीवर आपटला. त्याच्या चार फाका झाल्या.

"आईसाहेब," ती राजमातेला म्हणाली, "उपास सोडायच्या आधी ऐका. ही रास बैलाच्या कष्टाची आहे. खाल्लीत तर तुमचं व्रत मोडेल. आमच्या परसात यंदा काही पिकलेलं नाही."

राजमातांनी पाटलाकडे पाहिलं. "का पिकलं नाही?"

"पाऊस... पाऊस कमी झाला, आईसाहेब."

"पावसाला कशाला बदनाम करतोस?" आत्या कडाडली. "सांग की, माश्या मारल्या म्हणून! राजाची बाग आणायची होती ना तुला गावात? आली बघ!"

पाटील हात जोडून म्हणाला, "आईसाहेब, माझा हेतू वाईट नव्हता. आपल्या बागेसारखं गाव दिसावं, एवढीच हौस होती."

राजमाता म्हणाल्या, "पाटील, त्या बागेतलं फळ मी जन्मात खाल्लेलं नाही. तिथे फळ धरतच नाही. ती नुसती बघायची बाग आहे. आमच्या ताटात येतात ते पेरू आणि डाळिंबं तुमच्यासारख्या गावांतून येतात."

पाटलाचं तोंड पांढरं पडलं. ज्या बागेसाठी त्याने गाव उजाड केलं, ती बाग स्वतःचं पोट भरू शकत नव्हती, आणि हे विचारायची बुद्धी त्याला एकदाही झाली नव्हती.

त्या दिवशी हंड्यात फक्त आत्याचं अळू आणि सुरण शिजलं. प्रत्येक बाईच्या पानात पळीभर आलं. राजमातांनीही तेवढंच खाल्लं आणि पाणी प्यायलं. शेजारणीने डोळ्याला पदर लावला. "आत्या, आता पाला पुन्हा घालू, वेल लावू. पुढच्या वर्षी होईल ना सगळं?"

"पाला तुम्ही घालाल," आत्या म्हणाली. "माश्या कोण घालणार?"

पाटील तिच्या पायाशी वाकला. "आत्या, काय हवी ती शिक्षा सांगा."

"शिक्षा मी कशाला सांगू? हंड्यात डोकावून बघ."

त्याने पाहिलं. एवढा मोठा हंडा, आणि तळाशी कसाबसा ओला डाग.

पाला पुन्हा पडला, पण माश्या परतल्या नाहीत, आणि पुढच्या वर्षीही तो हंडा भरला नाही. त्याच्याही पुढच्या वर्षी भरला नाही. गाव दरवर्षी पळीभर अळू खाऊन उठत राहिलं, आणि आत्या दरवर्षी तितक्याच रागाने ते वाढत राहिली.

तात्पर्य: कुंपण ज्याचं त्याचं असतं, पण माशी सगळ्यांची असते, तिला मारून ज्याने अंगण चकचकीत केलं, त्याने फळाची वाट बघू नये, आणि सगळे मारत होते तेव्हा जो गप्प बसला, त्यानेही बघू नये.