पाचोळ्यातली पाऊलवाट

एका चिकूच्या बागेत पाच-पंचवीस कोंबड्या मोकळ्या हिंडत असत. दिवसभर झाडांखालचा पाचोळा उकरायचा, किडे टिपायचे आणि अंडे द्यायची वेळ झाली की बुंध्याशी ठेवलेल्या गवताच्या टोपलीत जाऊन बसायचे, असा त्यांचा सुखाचा संसार होता. टोपलीतली अंडी मालकीण रोज उचलून बाजारात नेई. त्यांतल्या एका तांबड्या कोंबडीला मात्र पिल्ले हवी होती. म्हणून तिने गुपचूप करवंदीच्या जाळीत नऊ अंडी घातली आणि ती उबवायला बसली.

बसली खरी, पण तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. बागेच्या दगडी बांधात एक मुंगूस राहत होते. ‘ते आले तर? आत्ताच निघाले असेल तर?’ पान पडले तरी तिच्या छातीत धस्स होई. मग ती उठे, धावत बांधापर्यंत जाई, मुंगूस बिळात आहे ना ते पाही आणि तशीच धावत परते. अंड्यांना जरा कुठे ऊब लागते न लागते तोच पुन्हा उठे. बिचारीला दाणा गोड लागेना.

एक म्हातारी कोंबडी हे सारे पाहत होती. ती म्हणाली, “अगं, किती धावशील? तुझा रंग पाचोळ्याचा. स्वस्थ बसलीस तर मुंगसालाच काय, मलाही दिसणार नाहीस. दाणापाण्यासाठी दिवसातून एकदा ऊठ, आणि तेही रोज वेगळ्या बाजूने.”

“तुम्हाला सांगायला काय जातं, आजी? अंडी माझी आहेत!” तांबडी फणकारली आणि पुन्हा बांधाकडे पळाली.

त्या दिवशी बीळ रिकामे होते. ती धावत जाळीपाशी पोचली, तर आत नुसती टरफले! मुंगूस मिशा पुसत बाहेर येत होते.

“मेल्या, तुला जागा सापडली तरी कशी?” तिने हंबरडा फोडला.

“मी कुठे शोधली?” मुंगूस म्हणाले. “माझ्या दारापासून तुझ्या घरट्यापर्यंत तूच पाचोळा तुडवून वाट पाडलीस. मी आपला सरळ चालत आलो.”

मुंगूस गेल्यावर कोंबडी पुष्कळ रडली. रडता रडता तिला करवंदीच्या मुळाशी घरंगळलेले एक अंडे दिसले. ते अजून कोमट होते. ती त्याच्यावर बसली.

चार दिवसांनी मुंगूस पुन्हा आले आणि ओळखीच्या वाटेवर दबा धरून राहिले. कोंबडी तिथून जेमतेम चार हातांवर होती. उठून पळावे, निदान ओरडावे, असे तिला शंभरदा वाटले. पण तिने पीसही हलवले नाही. शेवटी मुंगूस कंटाळून निघून गेले. पुढे त्या वाटेवर नवी पाने पडली आणि वाट बुजून गेली. एकविसाव्या दिवशी तिच्या पोटाखाली टकटक झाली. मुलांनो, कोंबडी तेव्हाही भ्यालेलीच होती, पण जागेवर होती.

तात्पर्य : भीती वाटली तरी जे जपायचे त्याच्यापाशी ठाम बसावे, भीतीपोटी घातलेल्या येरझाऱ्या चोरालाच वाट दाखवतात.