पांगाऱ्याचा ओंडका

पूर्वी वेत्रनगरीत राजा अरिंजय राज्य करीत असताना बोधिसत्त्व काळ्याभोर भुंग्याच्या जन्माला आले होते. राजाच्या बागेत एका कोपऱ्याला पांगाऱ्याचा वाळका ओंडका पडलेला असे. त्यात भोके पाडून भुंग्यांचे कुळ सुखाने नांदत होते. भोवती कुर्डू, आघाडा, रानतुळस मनसोक्त माजली होती.

बागेचा माळी कुंभिल भारी टापटिपीचा. राजा बाग पाहायला येणार हे कळताच त्याने तो कोपरा खरवडून काढला, ओंडका पेटवून दिला आणि स्वतःवरच खूश झाला. बिचाऱ्याने आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला होता. वाचलेले भुंगे नदीपलीकडे निघून गेले.

पुढे राणीला डोहाळे लागले. तिला बागेतली कोवळी काकडी हवी होती. वेल फुलांनी पिवळे झाले होते, पण फळ धरेना; बोटाएवढी काकडी दिसे आणि गळून पडे. कुंभिलाने खत घातले, पाणी वाढवले, सारे व्यर्थ. राजा संतापून म्हणाला, "अमावास्येपर्यंत काकडी दे, नाहीतर बायकामुलांसह राज्याबाहेर चालता हो."

कुंभिल नदीपलीकडे जाऊन कपाळाला हात लावून बसला. तिथल्या वाळक्या ओंडक्यातून बाहेर येऊन बोधिसत्त्व म्हणाले, "माळीदादा, नुसत्या पाण्याने फळ धरत नाही. आम्ही अंगाला पराग माखून फुलाफुलांवर फिरतो, तेव्हा ते धरतं. हा ओंडका डोक्यावर घे आणि आम्हाला परत घेऊन चल."

कुंभिलाला रडू कोसळले. एक म्हातारी भुंगी मात्र उसळून म्हणाली, "ज्याने आमची पोरं जाळली, त्याच्याच डोक्यावर बसून जायचं?"

"त्याला ठाऊक नव्हतं, आजी. आता कळलंय. आणि पोरं त्यालाही आहेत." एवढे बोलून बोधिसत्त्व आधी ओंडक्यात शिरले. मग एकेक करून बाकीचे शिरले. म्हातारी सर्वांत शेवटी.

कुंभिलाने तो ओंडका डोक्यावर घेतला आणि भरली घागर न्यावी तसा जपून नदीपार नेऊन बागेच्या त्याच कोपऱ्यात ठेवला.

अमावास्येच्या आत राणीने काकडी खाल्ली. राजा हातातले सोन्याचे कडे बक्षीस देऊ लागला तेव्हा कुंभिल हात जोडून म्हणाला, "महाराज, सोनं नको. तो कोपरा तेवढा माझ्या खुरप्यापासून वाचवा." पुढे जन्मभर तो कामाला लागण्याआधी ओंडक्यापाशी जाऊन नमस्कार करी.

विहाराच्या कडेची रानझुडपे उपटणाऱ्या नीलक नावाच्या भिक्षूला ही कथा सांगून शास्ते म्हणाले, "तेव्हाचा कुंभिल तू होतास. राणी म्हणजे तुला रोज भिक्षा घालणारी उपासिका, म्हातारी भुंगी म्हणजे इथली वृद्ध थेरी भिक्षुणी, आणि ओंडक्यात आधी शिरलेला भुंगा मी."

नीलकाने हातातले कुर्डूचे रोप पुन्हा मातीत लावले. घर जाळणाऱ्याच्या डोक्यावर निर्धास्त बसता येणे, ही क्षमा. आणि ते ओझे जन्मभर न विसरणे, ही कृतज्ञता.