अकराने भाग न जाणारी संख्या

पूर्वी एक वृद्ध गणिती नदीकाठच्या एका गावी अध्यापन करीत असत. त्यांची वेणू नावाची शिष्या लग्नानंतरही नेमाने शिकायला येई. पुढे तिचे पती अकस्मात वारले. तिचे अन्नावरचे मन उडाले, बोलणेही सरले. महिन्याभराने ती गुरुजींकडे आली, ती फक्त त्यांचे ग्रंथ परत करायला.

"आता माझ्याच्यानं काही होणार नाही, गुरुजी."

गुरुजींनी ग्रंथ ठेवून घेतले. मग म्हणाले, "एक काम माझ्यासाठी कर. आठ अंकांची अशी संख्या शोध, जी उलट्या बाजूनं वाचली तरी तीच राहील आणि जिला अकरानं भाग जाणार नाही. इथेच ओसरीवर बसून शोध."

त्यांचा शब्द मोडवेना म्हणून ती बसली. तिने २७३००३७२ ही संख्या मांडली. बाकी शून्य. ४८१२२१८४ घेतली. पुन्हा शून्य.

"उद्या ये," एवढेच गुरुजी म्हणाले.

ती येत राहिली. गुरुजींच्या पत्नी, माई, भागाकार चालू असताना तिच्याजवळ ताट ठेवीत. पहिले काही दिवस ते तसेच परत गेले. नंतर कधी अर्धी भाकरी संपे, कधी एक. बाकी मात्र रोज शून्यच उरे.

पंचविसाव्या दिवशी वेणूने लेखणी खाली ठेवली.

"गुरुजी, अशी संख्या नाहीच. माझी पहिलीच २७३००३७२ घ्या. पहिला आणि शेवटचा अंक ठेवून मधले सगळे शून्य करा. २००००००२. अकरानं भाग जातो. आतली जोडी ७००००७०. तिलाही जातो. त्याच्या आतली ३००३००. तिलाही. प्रत्येक जोडीलाच भाग जातो, मग त्यांच्या बेरजेला जाणारच." तिने मान वर केली. "तुम्हाला हे पहिल्या दिवशीच ठाऊक होतं."

"होतं, पोरी."

"मग मला का राबवलंत?"

गुरुजी तिच्यासमोर ओसरीवर येऊन बसले.

"तुझ्या दुःखावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. सांत्वनाचे शब्द तू ऐकले नसतेस, आणि ते मला नीट जमतही नाहीत. मला येतं ते गणित. भागाकाराला वेळ लागतो. तेवढा वेळ तू आमच्याजवळ बसशील, ही तुला दोन घास खायला लावील, एवढंच मनात होतं. सिद्धता मी मागितली नव्हती. ती तुझी तू शोधलीस."

वेणूचे डोळे भरून आले. माईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. बऱ्याच वेळाने तिने डोळे पुसले आणि कागद पुढे ओढला.

"नऊ अंक घेतले तर मधल्या अंकाला जोडीदार राहत नाही," ती स्वतःशीच म्हणाली आणि तिने १०००३०००१ लिहिले.

तिने सावकाश भागाकार केला. बाकी पाच उरली.

त्या पाचाकडे ती कितीतरी वेळ पाहत राहिली. मग उठली आणि परत केलेले ग्रंथ गुरुजींकडून पुन्हा मागून घेतले.