न हलणाऱ्यांची बाग

डोंगराच्या काखेत एक गाव होतं. गावाच्या टोकाला एक खोपटं होतं, आणि त्या खोपटात बकुळी नावाची इवलीशी मुलगी आईबरोबर राहायची. घरात अठरा विश्वे दारिद्र्य. आई बांबूच्या टोपल्या विणायची. टोपल्या खपल्या तर भात, नाही खपल्या तर पेज, आणि त्या पेजेतही पाणीच जास्त.

बकुळी तोंडाने थोडंच बोलायची. हात मात्र तिचे सारखे बोलत असायचे. आनंद झाला की दोन्ही तळवे खांद्यांपाशी येऊन चिमणीच्या पंखांसारखे फडफडायचे. भीती वाटली की ती टाचा उचलून मागेपुढे झुलायची आणि नाकातल्या नाकात हूंऽऽ असा सूर धरायची. एखादा रंगीत दोरा मिळाला तर डोळ्यांसमोर धरून गरगर फिरवायची. दोऱ्याचं लाल-सोनेरी चाक व्हायचं आणि तिच्या पोटात गुदगुल्या व्हायच्या. यात कुणाचं काय बिघडत होतं ते देव जाणे. पण बाजारात गिऱ्हाईक टोपलीकडे हात नेई, बकुळीकडे पाही आणि हात मागे घेई.

शेजारच्या येसूकाकूंना सल्ले द्यायची भारी हौस. एकदा त्यांनी आपल्या वेणीची निळी रिबीन काढली आणि बकुळीचे हात एकमेकांना बांधून टाकले.

"काही होत नाही गं," त्या आईला म्हणाल्या. "चार दिवस बांधलेस की खोड मोडंल."

बकुळी दिवसभर मुकाट बसली. संध्याकाळी तिला ताप भरला. आईने रिबीन सोडली, बकुळीला पोटाशी धरलं आणि ती खूप रडली.

काकूंनाही वाईट वाटलं. तशा त्या मनाने वाईट नव्हत्या. "सड्यावर परीची बाग हाय म्हणत्यात," त्या हळूच म्हणाल्या. "काठावर चपला काढायच्या, आत जायचं, एकदाच मागायचं. मीच जाते उद्या. हिच्यासाठीच मागते."

सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं काळ्या कातळाचं सपाट मैदान. काकू गेल्या त्या परत आल्या नाहीत. त्यांच्या आधी शाळेचे गुरुजीही असेच गेले होते. लोक म्हणाले, परीने सोन्याच्या महालात ठेवून घेतलं असेल. लोकांचं काय, उचलली जीभ लावली टाळ्याला.

मग पुढच्या बाजाराला गावकऱ्यांनी आईला सांगितलं, "पोरीला आणणार असशील तर तूही येऊ नकोस." दुसऱ्या दिवशी आईने पेज झाकून ठेवली, बकुळीच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "बकुळे, अंधार पडायच्या आत येते हं मी."

अंधार पडला. पुन्हा उजाडलं. आई आली नाही. झाकलेली पेज बकुळीने आईसाठी तशीच ठेवली आणि उपाशीपोटी ती डोंगर चढू लागली.

माथ्यावर दुधासारखं धुकं होतं. कातळ संपून जिथे फुलं सुरू होत होती, तिथे चपलांची रांग होती. गुरुजींच्या वहाणांतून गवत उगवलं होतं. काकूंच्या चपलेत एक शंखी गोगलगाय झोपली होती. आणि शेवटी होत्या आईच्या चपला, सुतळीने शिवलेल्या अंगठ्याच्या. बकुळीच्या पायात काही नव्हतंच. ती तशीच आत गेली.

काय ते रंग! जांभळी फुलं, केशरी फुलं, गुलाबी टिकल्याटिकल्यांची फुलं, प्रत्येकाच्या पोटात दवाचा चमचमता दिवा. पण एक पाकळी हलत नव्हती. वारा नव्हता, भुंगा नव्हता, साधा किडासुद्धा किरकिरत नव्हता.

फुलांच्या मधोमध माणसं उभी होती.

गुरुजी ओठांवर बोट ठेवून उभे होते, आणि त्या बोटापासून नाकापर्यंत कोळ्याने जाळं विणलं होतं. काकूंच्या हातात निळी रिबीन ताणलेली होती. त्यांच्यामागे धुक्यात आणखी कितीतरी जण होते. सगळ्यांत अलीकडे हात जोडून आई उभी होती. बकुळीने तिच्या गालाला हात लावला. गाल कातळासारखा गार होता. डोळे मात्र जिवंत होते, आणि त्यांतून पाणी वाहत होतं.

बकुळी भ्याली. ती मागेपुढे झुलू लागली. नाकातून हूंऽऽ निघू लागलं.

तेवढ्यात धुक्यात काहीतरी लुकलुकलं. हिरवं, मग निळं, मग सोनेरी. एक इवलीशी परी तरंगत आली. तिचे पंख, तिची बोटं, तिचे केस, क्षणभरही काही थांबत नव्हतं, त्यामुळे तिचा चेहरा नीट दिसतच नव्हता.

"किती छान झुलतेस गं तू," परी म्हणाली. "केव्हापासून इथे कुणी आलंच नव्हतं."

"ही माणसं?" बकुळीने विचारलं.

"कुठली माणसं?" परी थेट गुरुजींकडे पाहत म्हणाली. "जे हलतं तेवढंच दिसतं मला. पाणी दिसतं, पाखरू दिसतं. कधीकधी नुसते आवाज येतात, त्याचे हात थांबव, तिचे पाय थांबव, पोरांना गप्प बसव. बोलणारं कोण ते दिसेनासंच होतं. पण मागितलं की द्यायचं, असा माझा नियम आहे."

बकुळीच्या अंगावर काटा आला.

"दुसराही नियम ऐक," परी मायेने म्हणाली. "दुसऱ्यासाठी जे मागशील ते आधी तुला मिळतं. तू त्यात आनंदी राहिलीस, तरच ते पुढे जातं. नाहीतर तुझ्यापाशीच राहतं. आता माग बाळ, एकदाच."

बकुळीला वाटलं, सगळं आपल्या हातांमुळे झालं. आपले हात गप्प असते तर आई इथे आलीच नसती. "माझे हात..." ती म्हणू लागली, आणि थांबली. हात गप्प झाले तर परीला ती दिसणार नाही. मग आईला सोडवायला कोण उरेल?

आईचे हात हलू देत, असं मागावं का? तिने काकूंच्या हातातली रिबीन पाहिली. तिच्या मनगटांना तो ताप आठवला. काकूंच्या डोळ्यांतूनही पाणी वाहत होतं.

"माझं फडफडणं दे," बकुळी म्हणाली. "इथल्या सगळ्यांना. काकूंनासुद्धा."

परीचा वर आधी बकुळीला लागला. तिच्याकडे ते होतंच की. तिला आनंद झाला, तळवे फडफडले, आणि तो वर सरसर पुढे निघाला. आईचं एक बोट थरथरलं. मग मनगट, मग दोन्ही हात. गुरुजींच्या बोटावरचं जाळं तुटलं. धुक्यात जागोजागी हात फडफडू लागले, आणि बागेत वारा सुटला.

"अगंबाई," परी दचकली. "एवढी माणसं होती इथे? आणि मला कुणी सांगितलं नाही?" तिने सगळ्यांवर एकदा डोळे भरून नजर टाकली. मग बकुळीच्या तळहातांवर तिने पंखांची सोनेरी भुकटी झटकली. "हे हात हलतील तिथे फूल उमलेल," ती म्हणाली, आणि झळाळत्या उजेडात विरून गेली. धुकंही तिच्याबरोबर गेलं.

आई गुडघ्यांवर बसली. तिचे हात अजून फडफडत होते. "आत सगळं दाटून येत होतं गं," ती म्हणाली, "आणि बाहेर पडायला वाटच नव्हती. तुला बांधलं होतं तेव्हा असंच झालेलं का?"

बकुळीने मान डोलावली. काकू खाली बघत पुढे आल्या. त्यांनी ती निळी रिबीन एका काडीला बांधली आणि बकुळीच्या हातात दिली. बकुळीने ती फिरवली, आणि निळं चाक झालं.

पुढच्या बाजाराला आई बकुळीला घेऊनच गेली. टोपल्या अंगणातल्या ताज्या फुलांनी भरलेल्या होत्या. एक गिऱ्हाईक टोपलीशी वाकलं, बकुळीकडे पाहून थबकलं आणि म्हणालं, "हिचे हात आवर की."

आईने टोपली खाली ठेवली. आपले दोन्ही तळवे खांद्यांपाशी नेले आणि ती ते भर बाजारात बकुळीबरोबर फडफडवू लागली. पलीकडे भाजी निवडता निवडता येसूकाकूंनीही हात वर केले.

अशी ही बकुळीची गोष्ट. ऐकताना ज्याचा पाय हलला असेल, त्याने तो खुशाल हलू द्यावा.