हातधुणीचे टाके

मोरजळ्याच्या खिंडीत, वाट जिथे घाटाखाली उतरायला लागते तिथे, डाव्या हाताला कातळात खोदलेले एक टाके आहे. फार मोठे नाही. दोन माणसे आडवी झोपतील एवढेच. पाणी मात्र वैशाखातही आटत नाही. चढून दमलेली माणसे तिथे पोचली की आधी पायातले काढतात आणि पाय पाण्यात सोडायला निघतात. मग जांभळीखाली रोज बसणारे गावचे म्हातारे दौलतअण्णा हात वर करून त्यांना थांबवतात. पाणी प्या, तोंडावर मारा, पण पाय नकोत, आणि आपले हात आपण धुणे तर नकोच, असे सांगतात. का, म्हणून कुणी विचारले की ते शेजारचा दगड दाखवून बसायला लावतात. उभ्याने ऐकायची ही गोष्ट नाही, असे त्यांचे म्हणणे.

फार मागे, म्हणे, मोरजळ्यात चिमाई नावाची सुईण होती. राज्य कुणाचे होते ते सांगणारे सांगत नाहीत. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. पण खिंडीच्या अलीकडच्या-पलीकडच्या साऱ्या वाड्यांत तिच्या हातावर जन्मलेली माणसे होती. आडवे आलेले मूल ती नुसत्या बोटांनी चाचपून, हळूहळू फिरवून सरळ करायची. तिच्या बोटांना डोळे आहेत, असे बायका म्हणत.

तिच्याजवळ एक कुत्रा होता. अंगावर कवड्यांसारखे पांढरे ठिपके, म्हणून त्याचे नाव कवड्या. पलीकडच्या वाडीतून एका बाळंतिणीकडून परतताना वाटेत सापडलेले ते पिल्लू चिमाईने पदरात घालून आणले होते. तेव्हापासून ती कुठेही निघाली की कवड्या दहा पावले पुढे. रान असो, ओढा असो, आधी तो जाणार आणि वळून बघणार. बाळंतिणीच्या घरी तो उंबऱ्याबाहेर बसून राही. आत मूल रडले की एकदाच भुंके. अंगणात ताटकळलेले बाप आणि आजे त्या भुंकण्याकडेच कान लावून असत. कवड्या भुंकला म्हणजे सुटली, असे त्या मुलखात म्हणू लागले होते.

एका फाल्गुनात पिसाळलेला कोल्हा गावाच्या खळ्यांत शिरला आणि जिवा सुताराला चावला. महिन्याभराने जिवाला ते विष चढले. पाण्याचा तांब्या दिसला तरी त्याचा गळा आवळून यायचा. शेवटी त्याला घरातल्याच खांबाला बांधावे लागले. तीन दिवस सारे गाव ते ऐकत होते. चिमाई तिन्ही दिवस त्याच्या दाराशी बसली होती, पण तिच्या हातांना तिथे काही करता आले नाही. जिवा गेल्यावर गावात कुणी मोठ्याने बोलत नव्हते.

त्यानंतर आठ दिवसांत कवड्याने खाणे सोडले. पहिल्या दिवशी चिमाईने मनावर घेतले नाही. दुसऱ्या दिवशी त्याचा जबडा लोंबला आणि तोंडातून लाळेच्या तारा लागल्या. भुंकायला गेला तर फुटक्या मडक्यासारखा आवाज आला. मग तो परड्यातल्या डोणीकडे गेला, पाण्याला तोंड लावले आणि झटक्याने मागे घेतले. पुन्हा लावले, पुन्हा मागे घेतले. चिमाई ओट्यावरून बघत होती.

शेजाऱ्यांनीही ते बघितले होते. दुपारी रायाजी पाटील स्वतः आला आणि तिच्या ओट्यावर बसला. तो वाईट माणूस नव्हता. त्याने हुकूम केला नाही. लेकराबाळांचे गाव आहे, जिवाचे काय झाले ते तू माझ्याहून जवळून बघितलेस, एवढेच बोलला. उठताना म्हणाला, "तुझं जनावर आहे, चिमाई. तूच काय ते ठरव."

आणि तो गेला. शेजारची दारेही एकेक करून लागली. चिमाईने कवड्याला परड्यात बांधले, त्याच्याजवळ जायला तिचे मन धजेना, आणि लांब बसूनही राहवेना. शेवटी तिने गावच्या जागल्याला, हैबतीला, उद्या सकाळी भाला घेऊन खिंडीत यायला सांगितले. कवड्याला मी घेऊन येईन, दुसऱ्या कुणी दोरी धरू नये, असेही सांगितले.

सकाळी चिमाई आणि कवड्या वर चढले, हैबती भाला घेऊन मागे होता. कवड्याच्या पायात त्राण नव्हते, तरी तो तिच्या पुढेच चालत होता आणि वळून बघत होता. टाक्याजवळ चिमाई बसली. त्याने येऊन तिच्या मांडीवर डोके टाकले. तिने उजवा तळवा त्याच्या डोळ्यांवर ठेवला. शेपूट दोनदा जमिनीवर आपटले. तिने हैबतीकडे बघितले आणि "हं" म्हणाली. असे सांगतात की तिने तेवढेच म्हटले.

हैबतीचा हात पक्का होता. कवड्या ओरडलासुद्धा नाही.

मग तिने हैबतीला जायला सांगितले. खड्डा तिनेच खणला. उघड्या तोंडाने मातीत घालू नये, म्हणून तिने त्याचा जबडा मिटवायला घेतला. तो मिटेना. आता भ्यायचे कशाला, म्हणून तिने दोन बोटे आत घातली. वर टाळूशी, दोन्हीकडच्या दाढांच्या मध्ये, काहीतरी आडवे लागले. बोटांनी ते चाचपले. कडा, टोक, कुठे रुतले आहे, कुठे सैल आहे. तिने ते जरासे फिरवले. हाड सुटून तिच्या हातात आले. शेळीच्या बरगडीचा, करंगळीएवढा तुकडा. जबडा आपसूक मिटला.

कवड्या पिसाळला नव्हता. तो तहानलेला होता.

चिमाई ते हाड हातात धरून बसली. ऊन डोक्यावर आले तरी बसलेलीच होती. आडवी मुले फिरवणारी ती बोटे. एवढे एक हाड फिरवायला त्यांना किती वेळ लागला होता? डोळ्याची पापणी लवायला लागतो तेवढा. आणि एक अख्खी रात्र ती त्याच्यापासून लांब बसली होती.

तिने त्याला माती दिली, हाड पदराच्या टोकाला बांधले आणि घरी आली. ती रडली नाही. चूलही पेटवली नाही. कुणी भाकरी आणून ठेवली तर अर्धी मोडून उंबऱ्याजवळ ठेवी आणि मग कुणासाठी ठेवली ते तिला आठवे. दारातून बाहेर पडताना थांबे, पुढे कुणीतरी जायचे आहे अशी. लोक येऊन बोलत होते. बरे केलेस, गाव वाचवलेस, त्याचीही सुटका केलीस. सगळी चांगली माणसे, सगळे चांगले शब्द. ती मान हलवी. पदरातले कुणाला दाखवावे असे तिला वाटले नाही. चार दिवस तिने हात धुतले नाहीत. उजव्या तळव्यावर वाळलेले रक्त तसेच होते. सकाळी उठून ती खिंडीत जाई आणि दिवसभर टाक्याशी बसून राही.

चौथ्या दिवशी सूर्य माथ्यावर असताना तिघे जण धापा टाकत वर आले. हैबती, त्याची बायको कोंडाई आणि मागून रायाजी पाटील. हैबतीची सून पारू आदल्या दिवसापासून अडली होती. मूल आडवे होते. पारूचा आवाज आता बसत चालला होता.

चिमाई उठली नाही. "मी येत नाही," ती म्हणाली. "या हातांना आता काही कळत नाही."

कोंडाई विनवू लागली. तेव्हा चिमाईने पदराची गाठ सोडली, हाड कातळावर ठेवले आणि ते कुठून निघाले ते सांगितले. तिने आवाज चढवला नाही. दुसऱ्याच कुणाचे सांगावे तसे सांगितले.

ऐकून हैबती कातळाजवळ खाली बसला. त्याने सबंध आयुष्यात किती जनावरे मारली असतील, पण त्या करंगळीएवढ्या हाडाला हात लावायचे त्याला धाडस झाले नाही.

"भाला माझा होता, चिमाई," तो म्हणाला.

रायाजीने डोक्यावरचे पागोटे काढले. "तू ठरव म्हणालो," तो म्हणाला, "आणि मी घरी जाऊन जेवलो."

चिमाईने दोघांकडे बघितले. चार दिवसांत पहिल्यांदा तिला कुणी बरे केलेस म्हटले नव्हते.

खाली पारू वाट बघत होती. कोंडाई टाक्याच्या काठावर बसली. हात धू आणि चल, म्हणाली. चिमाईने नकाराने मान हलवली.

"मी धुतले तर मी सुटले असं होईल. मला सुटायचं नाही."

"मग तू नको धुऊस," कोंडाई म्हणाली, आणि तिने चिमाईचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

त्या साली टाके तळाला गेले होते. चिखलावर चार बोटे पाणी होते. कोंडाईने तो हात पाण्यात धरला. हैबतीने ओंजळीने त्यावर पाणी घातले. रायाजीने गुडघे टेकून डावा हात घेतला. पाणी आधी तांबडे झाले, मग गढूळ. कोंडाई एकेक बोट चोळत होती, लेकराचे चोळावे तसे.

"त्याचं नाव घे," ती म्हणाली.

नाव साऱ्या गावाला माहीत होते. पण चार दिवसांत ते कुणी उच्चारले नव्हते, तिच्यापुढे उच्चारायला लोक भीत होते.

"कवड्या," चिमाई म्हणाली.

असे सांगतात की तेव्हा टाक्यातले पाणी चढत चढत चौघांच्या मनगटांपर्यंत आले आणि निवळ झाले. खरे-खोटे त्या पाण्याला ठाऊक, असे दौलतअण्णा म्हणतात, पण त्यानंतर ते आटलेले कुणी बघितले नाही.

ओल्या हातांनीच चिमाई घाट उतरली. वाटेत तिने हात पुसलेही नाहीत. पारूजवळ बसली, डोळे मिटले आणि बोटांना काम करू दिले. बराच वेळ गेला. बाहेर अंगणात हैबती भिंतीला टेकून उभा होता, शेजारीपाजारी जमले होते. मग आत मूल रडले.

अंगणातली माणसे हलली नाहीत. सगळे उंबऱ्याकडे बघत कान देऊन उभे होते, नेहमीच्या सवयीने. क्षण गेला, आणखी एक गेला. कुणी भुंकले नाही. मग एकेकाच्या लक्षात आले, आणि माणसांनी माना खाली घातल्या.

आत चिमाईही मूल हातात धरून थांबली होती. तिनेही उंबऱ्याकडे बघितले होते. कोंडाईने तिच्या हातातून मूल घेतले, तेव्हा ती दाराची चौकट धरून रडली. त्या आधी आणि त्या नंतर तिला तसे रडताना कुणी ऐकले नाही. बाळंतीण रडत होती, बाळ रडत होते आणि सुईणही, अशी ती वेळ होती, म्हणे.

चिमाई त्यातून बरी झाली का, असे बरेच जण विचारतात. गोष्टीत तसे काही नाही. ती पुढे पुष्कळ वर्षे बाळंतपणे करत राहिली. हाड पदराला बांधलेलेच असायचे. कुत्रा तिने पुन्हा पाळला नाही असे काही सांगतात, आणि म्हातारपणी एक लंगडी कुत्री तिच्या ओट्यावर असायची असेही काही सांगतात. एवढे मात्र सगळे सांगतात की दोन वर्षांनी रायाजी पाटलाच्या घोडीचा पाय मोडला आणि तिला ठेवण्यात अर्थ उरला नाही, तेव्हा त्याने निरोप धाडायच्या आधीच चिमाई त्याच्या अंगणात येऊन उभी राहिली. घोडीला तिने खुरापासून मांडीपर्यंत चाचपून बघितले. मग म्हणाली, "आता आपण दोघांनी ठरवलं." सगळे झाल्यावर तिने त्याला खिंडीत आणले आणि टाक्यावर बसवून त्याचे हात धुतले. तो पाटील, पण लहान मुलासारखा हात पुढे करून बसला होता.

तेव्हापासून मोरजळ्यात ही रीत पडली. मुक्या जिवाला जावे लागले, तर ते एकट्याने ठरवायचे नाही. आणि ज्याने ठरवले, त्याने आपले हात आपण धुवायचे नाहीत. धुणाऱ्यांनी बरे केलेस म्हणायचे नाही, असे का केलेस म्हणायचे नाही. फक्त नाव विचारायचे.

आजही लोक येतात. आता बैल आणि घोड्यांपेक्षा कुत्र्यामांजरांची माणसे जास्त येतात, डॉक्टरकडून जनावराला शेवटची सुई देऊन आलेली. मागच्या चैत्रात तालुक्याच्या पोस्टात काम करणारी एक बाई एकटीच वर आली होती. सतरा वर्षांची मांजर होती तिची, मूत्रपिंडे गेलेली. आणखी एक आठवडा थांबायला हवे होते का, हेच ती कुणी न विचारता पुन्हा पुन्हा सांगत होती. सोबत कुणी नव्हते. गवताचे भारे घेऊन उतरणाऱ्या दोन बायकांनी तिला टाक्याशी उभी बघितले, भारे खाली टाकले आणि तिचे हात पाण्यात घेतले. नाव विचारल्यावर तिला ते सांगता येईना. तिसऱ्यांदा आले. "पिठली," ती म्हणाली. त्या दोघींनीही ते नाव एकदा घेतले.

धुतलेले हात पुसायचे नसतात, वाऱ्यावर वाळू द्यायचे असतात. एकीला घरी जनावरे सोडायची होती, ती भारा उचलून गेली. दुसरी थांबली. हात वाळेपर्यंत ती त्या बाईच्या शेजारी कातळावर बसून राहिली.