बाजेखालचा विस्तव

एक होता कुंभार. सोमा त्याचं नाव. त्याची लेक हौसा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. मुलगी झाली. पण दोन दिवस कळा देऊन देऊन हौसा पार खचली होती. कंबर भरून आली होती, हात सारखा तिथंच जायचा. पोटात राहून राहून कळ उठायची. कूस बदलायची म्हटलं, तरी तिच्या डोळ्यांत पाणी यायचं.

भागा सुईण म्हणाली, "बाजेखाली शेगडी ठेवा. बारा दिवस विस्तव विझू देऊ नका. ऊब लागली की अंग सैल पडेल. पण हिला गारठा भरला, तर माझ्या हातात काही नाही."

सोमानं घरातली सगळ्यात जाड शेगडी घेतली. लाल निखारे भरले आणि बाजेखाली सरकवली. धूर जायला दार किलकिलं ठेवलं. मग हौसानं डोळे मिटले. जरा बरं वाटलं तिला.

दिवेलागण झाली, आणि बरं का, विस्तव एकदम विझला. हौसा कुडकुडायला लागली. कळ अशी उठली, की तिनं पदराचा बोळा दातांत धरला. सोमानं वाकून पाहिलं. कोळसे काळे पडले होते. हात लावला, तर विहिरीतल्या दगडासारखे गार. आणि दारापासून शेगडीपर्यंत ओली पावलं उमटली होती.

त्याची बायको सगुणा म्हणाली, "अख्ख्या गावाला शेगड्या पुरवता, आणि लेकीच्या बाजेखाली विस्तव टिकेना तुमच्याच्यानं."

सोमानं ती ओली पावलं गुपचूप पुसून टाकली.

दुसऱ्या दिवशी त्यानं उंबऱ्यावर मोहरी टाकली. कोयता जवळ घेतला आणि शेगडीपाशी बसून राहिला. मग दिवे लागले. दाराच्या फटीतून एक हात आत आला. लांब, आणखी लांब होत गेला. पांढरा फटक, पाण्यात भिजून सुरकुतलेला. त्यानं मूठभर निखारे उचलले. चर्र झालं. निखारे मुठीतच विझले. सोमानं कोयता उगारेपर्यंत हात निघून गेला होता, आणि शेगडीतला उरलेला विस्तवही काळा पडला होता.

हौसाचे ओठ निळे पडले. बाळ रडत होतं, पण त्याला पाजायला तिच्यानं उठवेना.

तिसऱ्या दिवशी भागा सुईणीनं हौसाचे तळवे हातात घेतले आणि मान हलवली. "सोमा," ती म्हणाली, "आज विस्तव गेला, तर तुझी लेक जाईल."

मग दिवेलागण झाली. दार आपसूक उघडलं, आणि ती आत आली. केसांतून पाणी निथळत होतं. टाचा पुढं होत्या, बोटं मागं. हडळ होती ती. बाळंतपणात मेलेली बाई. ती बाजेखाली वाकली. ओंजळभर निखारे घेतले, विझले. परत घेतले, परत विझले. सोमानं कोयता उचलला.

आणि मग त्यानं पाहिलं. निखारे ती पोटाशी धरत होती. मधेच एक हात कंबरेवर ठेवत होती. हौसा ठेवायची ना, अगदी तसाच.

सोमानं कोयता खाली ठेवला.

"बाई," तो हळूच म्हणाला, "तुला शेक दिला नव्हता का कुणी?"

हडळ थांबली. "पाऊस होता," ती म्हणाली. "लाकडं ओली आहेत म्हणाले. उद्या बघू म्हणाले." मग कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "अजून दुखतं."

सोमानं ओसरीवर दुसरी बाज टाकली. तिच्याखाली मोठी शेगडी पेटवली. "सगुणे, तेल कोमट कर."

सगुणा भिंतीला चिकटून उभी होती. "मी हात लावू हिला?"

"हौसाला लावतेस, तसाच लाव."

सगुणानं हात लावला. गारठा कोपरापर्यंत चढला. दात वाजायला लागले, पण तिनं हात काढला नाही. आधी कंबर चोळली. मग जुनं मऊ लुगडं घेऊन पोट बांधलं. मग पाय घेतले. तळवे चोळता चोळता काय झालं, बरं का, ती उलटी पावलं तिच्या हातात हळूहळू फिरली आणि सरळ झाली. हडळीनं एक मोठा श्वास सोडला. केस कोरडे झाले होते तिचे. डोळे मिटले.

इकडं आत, विझलेले कोळसे आपोआप फुलले. हौसाच्या ओठांवर रंग आला. ती कुशीवर वळली, आणि वळताना कण्हली नाही.

"बाबा," ती म्हणाली, "बाळाला द्या इकडं. भूक लागली असेल तिला."

सकाळी ओसरीवरची बाज रिकामी होती. सगुणानं दोरीवर हात ठेवून पाहिला. दोरी अजून ऊबदार होती.

मग हौसा बारा दिवस शेकत राहिली, पोटभर जेवली, आणि धडधाकट उठली. बाळही चांगलं गुटगुटीत झालं. सगळी सुखात राहिली.

आणि हडळ? ती पुन्हा आली नाही. किती पावसाळ्यांनी झोप लागली होती तिला. चला, पाय पांघरुणात घ्या बघू. तुम्हीही झोपा.