मठाचं कोठार

"...पण बाबा, ज्याला आत्मा कळला त्याला मरणाचं भय उरेलच कसं?"

"डिझेलचा कॅन हलवलास?" केवलगिरी बाबांनी विचारलं.

त्र्यंबकने उसासा टाकला. सकाळपासून हेच चाललं होतं.

तो शहरात वेदान्त शिकून मठात आला होता. मठाची केळीची बाग होती, आणि बागेचं कोठार बाबांनी त्याच्या हवाली केलं होतं. तिथे नायट्रेटच्या खताची पोती रचलेली. त्यांना टेकून कडब्याच्या पेंढ्या. शेजारीच पंपाचं डिझेल, झाकण सैल. एक पोतं फाटलं होतं, आणि सांडलेल्या खतापर्यंत डिझेलचा ओघळ पोचला होता.

भिंतीपलीकडे केळी काढायला आलेले मजूर बायकापोरांसह उतरले होते. कुणीतरी बाळाला झोळीत झुलवत गुणगुणत होतं. इकडे नीट ऐकू येत होतं.

"हलवतो हो बाबा. कॅन कुठे पळून जातोय? आधी माझ्या शंकेचं बोला. भय म्हणजे अज्ञानच ना?"

"कडबा बाहेर काढलास?"

"बाबा! मी काय विचारतोय, तुम्ही काय विचारताय! मी इथे ब्रह्म जाणायला आलो. हमाली करायला नाही."



बाबा कोठारात शिरले. फाटक्या पोत्यावर मांडी घालून बसले. कमरेची चिलीम काढून ओठांत धरली, आणि हात पुढे केला.

"काडी दे."

त्र्यंबक झेपावलाच. चिलीम त्याने हिसकून घेतली.

"वेड लागलंय का तुम्हाला? खाली डिझेल सांडलंय! कडब्यानं पेट घेतला तर या खताचा स्फोट होईल! पलीकडे लेकरं आहेत, बाबा!"

हातातल्या चिलमीकडे त्याने पाहिलं. ती रिकामी होती.

बाबा उठले. धोतर झटकलं. बाहेर निघून गेले.



त्र्यंबक आधी मजुरांकडे गेला, आणि सगळ्यांना लांबच्या चिंचेखाली बसवून आला. डिझेल पंपाच्या खोलीत नेलं. कडबा गोठ्याकडे टाकला. डिझेल लागलेलं खत वेगळं भरून कोठारापासून दूर ठेवलं. जमीन स्वच्छ केली. उरलेली पोती भिंतीपासून सुटी, फळ्यांवर रचली. दाराला कुलूप घातलं. अंगाला घामाच्या धारा लागल्या होत्या.

हातपाय धुऊन तो बाबांच्या पायाशी येऊन बसला.

"बाबा... आज मला कळलं."

बाबांनी कपाळाला हात लावला.

"कळलेलं सकाळीही होतं रे तुला."